साखरेची नक्षी : एका घरगुती शाळेची हकीकत

"नोकरी सोडली" हे दोन शब्द आमच्यासारख्या घरांतून अद्यापि हलक्या आवाजांतच उच्चारले जातात. घरांत कोणी आजारी पडलें तर शेजाऱ्यास सांगण्यांत संकोच वाटत नाहीं. परंतु दरमहा पगार देणारी जागा कोणी आपण होऊन सोडली, हें सांगतांना घरचीं वडील माणसें इकडे तिकडे पाहूं लागतात. याचें कारण उघड आहे. वतनें गेलीं, शेती कुळांकडे गेली, भिक्षुकी सुटली, आणि गेल्या तीन-चार पिढ्यांत आमच्या वर्गास नोकरी हा एकच आधार उरला. "उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी" ही म्हण आम्हीं मुलांकडून पाठ करवून घेतली, आणि त्याच मुलांना वर्तमानपत्रांतील नोकरीच्या जाहिराती कापून दिल्या. आम्हीं स्वतः सारा जन्म शाळामास्तरकींत घालविला. तेव्हां या दोषांतून आम्ही सुटलों असें म्हणतां येत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या जालन्याच्या घरीं हाच प्रश्न उभा राहिला. आमच्या पुतण्याची पत्नी, म्हणजे घरची धाकटी सून, एका कचेरींत अकरा वर्षें हिशेबाचें काम करीत होती. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती आमच्यापुढें येऊन बसली आणि म्हणाली, "काका, मी नोकरी सोडीन म्हणतें. केक सजवायला शिकवण्याचा वर्ग घरींच काढावा असा विचार आहे. तुमची परवानगी हवी."

परवानगी हा शब्द तिनें सौजन्यानें वापरला होता. विचार पक्का झाला होता हें तिच्या बोलण्यावरून दिसत होतें. आम्हीं मात्र तो शब्द अक्षरशः घेतला आणि परवानगी नाकारली. पुढें जें घडलें त्यांत आमची चूक कोठें होती हें आम्हांस हळूहळू कळत गेलें. असाच प्रश्न ज्यांच्या घरीं आज ना उद्यां उभा राहणार आहे, त्या वाचकांसाठी ती सर्व हकीकत येथें मांडीत आहों.

आमचे तीन आक्षेप

आमचे आक्षेप तीन होते, आणि वर्गांत धडा सांगावा तसे ते आम्हीं क्रमानें सांगितले. पहिला आक्षेप पैशाचा. पगार पहिल्या तारखेस येतो; शिकवणीच्या विद्यार्थिनी येतील किंवा न येतील. दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. कचेरींत टेबलखुर्चीवर बसून हिशेब पाहणारी सून उद्यां दारावर पाटी लावून लोकांना मैद्याचे पदार्थ शिकविणार, हें चारचौघांत कसें दिसेल? तिसरा आक्षेप आचाराचा. ज्या स्वयंपाकघरांत आजवर अंडें आलें नाहीं, तेथें केकचा वर्ग कसा चालावा?

तिनें वाद घातला नाहीं. "बरं काका," एवढेंच म्हणून ती उठली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या पूजेनंतर तिनें एक लांब वही आमच्यापुढें आणून ठेवली.

वहीचा पुरावा

त्या वहींत दीड वर्षाचे रविवार लिहिलेले होते. तारीख, शिकावयास आलेल्यांची संख्या, जमा झालेली फी, आणि त्यासमोर खर्च : मैदा, पिठीसाखर, लोणी, क्रीम, खाण्याचे रंग, पुठ्ठ्याचीं खोकीं. विजेच्या देयकाचा वाटा वेगळा काढलेला होता. भट्टीची आणि मिश्रण घुसळण्याच्या यंत्राची झीज म्हणून दरमहा ठराविक रक्कम खर्चीं टाकलेली होती. शेवटीं एक रकाना होता, त्याचें नांव "वाया गेलेलें". आरंभीं त्या रकान्यांतील आंकडे मोठे होते आणि पुढें ते कमी होत गेले होते. दर रविवारीं मैत्रिणी जमतात आणि कांहीं गोडधोड करतात, अशी आमची समजूत होती. तो वर्ग होता, आणि नोकरी न सोडतां तिनें तो दीड वर्ष चालवून पाहिला होता, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

ही वही पाहतांना आम्हांस लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते शिक्षक होते. बेळगांवच्या सायकलींच्या दुकानाचा आरंभ १८८८ सालचा समजला जातो. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधु रामुअण्णा त्या बेळगांवीं विकीत. सायकल ही तेव्हां नवलाची वस्तु. म्हणून ती चालविण्यास शिकवीत, आणि त्याबद्दल पंधरा रुपये फी घेत. पुढें बढतीच्या वेळीं आपणांस डावलून एका अँग्लो-इंडियनास ती जागा दिलेली पाहून लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली. आणि १९१० सालीं औंध संस्थानच्या आश्रयानें किर्लोस्करवाडी वसली. हा धडा आम्हीं मुलांना कितीदां तरी सांगितला होता. परंतु नोकरी सुटण्याआधींच उद्योगाचें मूळ धरलेलें होतें, आणि वस्तु विकण्याबरोबर विद्या विकण्याचेंही उत्पन्न होतें, या दोन गोष्टींकडे आमचें कधीं लक्ष गेलें नव्हतें.

आम्हीं तिला विचारलें, "केक करून विकण्यापेक्षां शिकवण्याचाच हट्ट कां?" तिचें उत्तर हिशेबी माणसास शोभेल असें होतें. केक एकदांच विकला जातो, दोन दिवसांत शिळा होतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या घरीं न मोडतां पोंचवावा लागतो. शिवाय ऐन लग्नसराईंत कामाची गर्दी, आणि इतर वेळीं हात रिकामे. शिकवणींत माल थोडा लागतो, वेळ आधीं ठरवितां येते, आणि शिकलेली बाई नवें कांहीं शिकण्यास पुन्हां येते. आम्हीं म्हटलें, "पण ज्यांना शिकवशील त्याच उद्यां तुझ्या प्रतिस्पर्धी होतील." त्यावर ती म्हणाली, "काका, शिकवल्यानं विद्या कमी होत नाही, हें तुम्हीच सांगत आलात ना?" आमचेंच शस्त्र आमच्यावर फिरलें, आम्ही निरुत्तर झालों. तथापि मनांतून नकार गेला नव्हता. शेवटीं एक वर्षाचा आपला घरखर्चाचा वाटा तिनें वेगळा ठेवला आहे, आणि भविष्यनिर्वाह निधीस ती हात लावणार नाहीं, हें पाहून आम्हीं "तुझें तूं पाहा" असें म्हटलें. ती संमति नव्हती. फक्त विरोध थांबला होता.

ही कला परकी आहे काय?

प्रतिष्ठेच्या आक्षेपामागें आमचा एक समज दडलेला होता, कीं ही विद्या साहेबाची आहे, आपल्या घरांत तिला मूळ नाहीं. तो समज तपासून पाहणें अवश्य आहे.

साखरेच्या लेपानें केक मढविण्याची पद्धति युरोपांतील, हें खरें. १८४० सालीं राणी व्हिक्टोरियाच्या विवाहांत जो केक केला त्याचें वजन सुमारें तीनशें पौंड होतें असें वर्णन आहे. अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर यांच्या कडक लेपास "रॉयल आयसिंग" म्हणतात. आपल्या देशांत केरळांतील तलश्शेरी येथें मंबल्ली बापू यांनीं १८८३ सालीं नाताळचा केक केला, तो हिंदी माणसानें येथें केलेला पहिला असें सांगतात. परंतु आमच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट शिकागो शहरांतील आहे. तेथें ड्यूई मॅकिन्ली विल्टन नांवाच्या मिठाईच्या कारागिरानें १९२९ सालीं आपल्या घरच्या जेवणाच्या खोलींत केक सजविण्याचे धडे देण्यास आरंभ केला. त्याच साली अमेरिकेंत शेअरबाजार कोसळून मोठी मंदी आली. तरीही ही घरगुती शाळा टिकली आणि तिची पुढें मोठी संस्था झाली. म्हणजे जेवणघरांतील शिकवणी हेंच या धंद्याचें एक मूळ आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. संक्रांतीस नव्या सुनेला आणि लहान मुलांना हलव्याचे दागिने घालण्याची चाल आपल्याकडे आहे. हार, बाजूबंद, कमरपट्टा, मुकुट, मुलासाठीं बासरी, हीं सर्व साखरेची नक्षी होय. गुढीपाडव्याच्या साखरेच्या गांठी सांच्यांतून काढलेल्या असतात. रुखवतांत मांडलेलीं साखरेचीं आणि पिठाचीं देवळें, तुळशीवृंदावनें आणि पानाफुलांच्या वेली पाहिल्या म्हणजे ही कला परकी आहे असें कोण म्हणेल? वात्स्यायनानें ज्या चौसष्ट कला गणल्या त्यांत तांदूळ व फुलें यांच्या आकृति काढणें ही एक कला आहे, आणि नाना प्रकारचे खाद्यपदार्थ सिद्ध करणें ही दुसरी. केकवर फुलें काढणाऱ्या बाईच्या हातीं या दोन कला एकत्र आल्या आहेत. रांगोळीची चिमूट सोडतांना बोटांस जो अंदाज लागतो, किंवा मेंदीचा कोन दाबतांना जो सम दाब लागतो, तोच क्रीमच्या पिशवीस लागतो. आणि म्हणूनच आमच्या सुनेच्या मतें ज्या मुलीस मेंदी येते तिचा हात चार दिवसांत बसतो.

पदार्थविद्या शिकविण्यास आणि लिहिण्यास आपल्या स्त्रियांनीं कमीपणा मानलेला नाहीं. लक्ष्मीबाई धुरंधरांचें "गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया" हें पुस्तक १९१० सालचें. कमलाबाई ओगल्यांचें शालेय शिक्षण चवथीपर्यंतचें. त्यांची "रुचिरा" १९७० सालीं निघाली आणि महाराष्ट्रांतील घरोघर पोंचली. मुंबईच्या तरला दलाल यांनीं १९६६ सालीं आपल्या घरींच पाकक्रियेचे वर्ग सुरू केले. २००७ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. हीं उदाहरणें आम्हांस ठाऊक नव्हतीं असें नाहीं. तीं आम्हीं केवळ दुसऱ्यांच्या घरचीं समजत होतों.

अंड्याचा प्रश्न

तिसरा आक्षेप सुटावयास सर्वांत सोपा ठरला. केकमध्यें अंडें तीन कामें करतें : फेंसांत हवा धरून ठेवतें, पीठ बांधून ठेवतें, आणि तूप व पाणी यांचा मिलाफ करतें. यांपैकीं हवेचें काम दही आणि खाण्याचा सोडा हीं दोन मिळून करतात. दह्यांतील आम्ल आणि सोडा एकत्र येतांच कर्बवायु सुटतो व पीठ फुगतें. ढोकळा करणाऱ्या गृहिणीस हें नवें नाहीं. घट्ट आटवलेल्या गोड दुधानें बांधणी आणि मऊपणा येतो. जालन्यासारख्या गांवीं बिनअंड्याच्या केकलाच अधिक मागणी असते. तेव्हां आमचा सोवळेपणा आणि धंद्याची सोय हीं येथें एकाच बाजूस होतीं.

कडक लेपाची अडचण मात्र खरी होती, कारण तो मुळांतच अंड्याच्या बलकाचा. येथें एक मौजेचा शोध उपयोगी पडतो. २०१४ सालीं फ्रान्समधील जोएल रोसेल यांनीं शिजविलेल्या कडधान्याच्या पाण्याचा बलकासारखा फेंस होतो हें दाखविलें. काबुली हरभऱ्याचें पाणी त्यास विशेष चांगलें. पुढच्या वर्षीं त्यास "ॲक्वाफाबा" असें नांव मिळालें. जें पाणी आपण आमटींत ढकलतों किंवा फेंकून देतों, त्यांत पिठीसाखर घुसळली कीं पांढरी, चकचकीत नक्षी काढतां येते.

बिनअंड्याच्या या कलेंत महाराष्ट्रांतच एक मोठें उदाहरण घडलें आहे. पुण्याच्या प्राची धबल देब या पूर्वीं आर्थिक विश्लेषणाची नोकरी करीत होत्या. ती सोडून त्या या कलेकडे वळल्या आणि इंग्लंडांत एडी स्पेन्स यांच्यापाशीं रॉयल आयसिंग शिकल्या. ब्रिटिश राजघराण्यासाठीं केक सजविणारे म्हणून हे गृहस्थ प्रसिद्ध होते. पुढें प्राचीबाईंनीं अंडें न घालतां तसाच लेप साधला, आणि शंभर किलो वजनाची राजवाड्याची प्रतिकृति उभी केली. तिची नोंद लंडनच्या "वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्स"नें २०२२ सालीं घेतली. त्या शिकवितातही. आमच्या सुनेनें त्यांची चित्रें आम्हांस दाखविलीं. जाळीदार कमानी, खांब, सज्जे, सर्व साखरेचे. वेरुळचें कोरीव काम लहानपणापासून पाहिलेल्या आमच्या डोळ्यांसही तें काम हलकें वाटलें नाहीं.

उन्हाळ्याची परीक्षा

येथपर्यंत वाचून सर्व सुरळीत झालें असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. सुनेनें नोकरी सोडली ती फेब्रुवारींत. एप्रिलच्या अखेरीस तिनें आठ दिवसांचा वर्ग भरविला आणि नऊ जणी आल्या. अंबड आणि बदनापूर येथून एस. टी. नें येणाऱ्या तिघी त्यांत होत्या. लोणी तीस ते पस्तीस अंशांच्या सुमारास वितळूं लागतें, आणि जालन्याचा उन्हाळा चाळीसच्या वर जातो. तिसऱ्या दिवशीं दुपारीं वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाहीं. पंखे बंद, शीतकपाट बंद. मुलींनीं केकवर काढलेले गुलाब एकामागून एक घसरून ताटांत आले. अंबडची एक मुलगी रडूं लागली. सुनेनें नऊही जणींची फी त्याच संध्याकाळीं परत केली, आणि वहींतील "वाया गेलेलें" या रकान्यांत त्या दिवसाचा सर्व माल लिहिला. त्या महिन्याची प्राप्ति तिच्या पूर्वीच्या पगाराच्या चौथाईसही पोंचली नाहीं.

आम्ही ओसरीवर बसलों होतों. अशा वेळीं वडील माणसानें जें बोलूं नये तेंच आम्ही बोललों : "आम्हीं आधींच सांगितलें होतें."

सून कांहीं बोलली नाहीं. परंतु आमच्या थोरल्या वहिनी, म्हणजे तिच्या सासूबाई, तेथेंच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं हातांतला कापूस खालीं ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तेव्हां ह्यांनासुद्धां असंच सांगितलं होतं तुम्ही."

येथें एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमचे थोरले बंधु तरुणपणीं छापखाना काढणार होते. अक्षरें जुळविण्याचें काम ते हौसेनें शिकले होते आणि एक जुनें यंत्रही पाहून ठेवलें होतें. वडिलांनीं नकार दिला. आम्ही तेव्हां नुकतेच शाळेंत लागलों होतों. पहिल्या पगाराची ऐट होती. आम्हीं वडिलांचीच बाजू घेतली. बंधूंनीं पुन्हां तो विषय काढला नाहीं. तीस वर्षें त्यांनीं कारकुनी केली, मुलांना शिकविलें, आणि कोणासही दोष न देतां ते गेले. त्यांच्या पेटींत आम्हांस खिळ्यांचे नमुने छापलेला एक कागद घडी घालून ठेवलेला सांपडला होता. वहिनींनीं इतक्या वर्षांत त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. बंधूंचा छापखाना चाललाच असता असें आम्ही म्हणत नाहीं. कदाचित् बुडालाही असता. परंतु त्यांच्याजवळ हिशेब आहे किंवा नाहीं, हें आम्हीं विचारलेंसुद्धां नव्हतें. आमच्या घरीं धंद्याची परीक्षा झालीच नव्हती. नोकरीच्या पलीकडील प्रत्येक विचारास आधींच नापास करून टाकलें होतें.

ऋतूप्रमाणें अभ्यासक्रम

दुसऱ्या दिवसापासून सुनेनें जें केलें तें पाहून आमच्यांतला मास्तर जागा झाला. तिनें वर्षाचा अभ्यासक्रम ऋतूंप्रमाणें लावला. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. त्यांत लोणी टिकत नाहीं, परंतु कडक लेप आणि साखरेच्या पिठाचीं फुलें झटपट वाळतात. म्हणून उन्हाळ्यांत तेंच शिकवावयाचें, आणि तेंही सकाळीं सहा ते दहा. पावसाळ्यांत हवेंतील ओल साखर शोषून घेते, वाळलेलीं फुलें ओलसर होतात. तेव्हां तें काम बंद करून भाजण्याचे धडे द्यावयाचे. थंडींत क्रीम आणि लोण्याचें काम. आयुर्वेदांत ऋतुचर्या सांगितली आहे. येथें ती साखरेस लावलेली पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें. परत गेलेल्या नऊ जणींपैकीं सात जणी पुन्हां आल्या.

स्थानिक मालाचाही तिनें उपयोग केला. जालन्याच्या मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. मोसंबीची साल आपण टाकून देतों. ती दोन-तीनदां पाण्यांत उकळून कडूपणा काढावा, मग साखरेच्या पाकांत सावकाश मुरवावी. बाजारांतील रंगीत तुकड्यांपेक्षां केकमध्यें ती अधिक चांगली लागते. कायद्याची बाजूही तिनें पाळली. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा, आणि त्याचे नियम २०११ पासून लागू आहेत. लहान खाद्यव्यवसायासही त्याप्रमाणें नोंदणी करावी लागते. घरगुती आहे म्हणून चालतें, असें समजून पुष्कळ जणी येथें चुकतात.

या कामीं आमच्या हातून एक लहानशी सेवा घडली. या विद्येवरील बहुतेक पुस्तकें इंग्रजींत आहेत. परतूर, मंठा, भोकरदन अशा गांवांहून येणाऱ्या मुलींस तीं कळत नसत, आणि सुनेस प्रत्येकीस वेगळें सांगावें लागे. आम्हीं तिच्याकडून धडे ऐकून घेतले आणि मराठींत एक पुस्तिका लिहून दिली. आरंभीं आम्हीं प्रत्येक यंत्रास संस्कृत नांव घडविलें. क्रीमची नक्षी उमटविणाऱ्या तोटीस आम्हीं "पुष्पनलिका" म्हटलें. मुली हंसूं लागल्या आणि "नोझल"च म्हणत राहिल्या. शेवटीं आम्हीं तेंच लिहिलें. ज्या विद्येचे शब्द शिकणाराच्या तोंडीं बसत नाहींत ती विद्या हातांत कशी उतरावी?

वहिनींचा वर्ग

पुढील डिसेंबरांत सुनेनें एक नवीन वर्ग जाहीर केला : हलव्याचे दागिने. शिक्षिका, आमच्या शहात्तर वर्षांच्या वहिनी. त्यांनीं प्रथम साफ नाहीं म्हटलें. "हें कुठं शिकवायचं असतं? हें येतंच की सगळ्यांना." परंतु आतां तें सगळ्यांस येत नाहीं. शेगडीवर परात ठेवून त्यांत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यावा. पाक चमच्याचमच्यानें सोडावा. आणि बोटांनीं तासन् तास हलवीत राहावें, तेव्हां दाण्यावर काटा उभा राहतो. आंच किंचित् वाढली कीं काटा मोडतो. घाई केली कीं दाणे एकमेकांस चिकटतात. तो काटा किती घोटल्यावर येतो हें कोणत्याही पुस्तकांत वाचून कळत नाहीं. शेजारीं बसून पाहावें लागतें.

अकरा जणी आल्या. चार दिवसांनीं वर्ग संपला तेव्हां सुनेनें खर्च वजा करून उरलेली रक्कम पाकिटांत घालून सासूबाईंच्या हातीं दिली. आयुष्यांत स्वतःच्या विद्येचे पैसे त्यांना प्रथमच मिळत होते. त्यांनीं पाकीट देवापुढें ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं आम्हांस विचारलें, "भाऊजी, बँकेत माझ्या एकटीच्या नांवाचं खातं निघतं का हो?" आम्ही त्याच दिवशीं त्यांच्याबरोबर बँकेंत गेलों.

आज काय स्थिति आहे?

सुनेचें उत्पन्न पहिल्या वर्षीं तिच्या जुन्या पगाराच्या निम्मेंही नव्हतें. तिसऱ्या वर्षीं तें पगाराच्या बरोबरीस आलें. आजही एखादा महिना रिकामा जातो. आजारपणाची रजा नाहीं, निवृत्तिवेतन नाहीं; त्यासाठीं ती दरमहा ठराविक रक्कम वेगळी ठेवते. जिनें हा मार्ग धरला ती श्रीमंत झाली असें सांगून आम्ही कोणास मोहांत पाडूं इच्छीत नाहीं. तिच्या कित्येक विद्यार्थिनींनीं हौस म्हणून शिकून पुढें कांहींच केलें नाहीं. परंतु परतूरकडील एका विधवा बाईचें घर आज या विद्येवर चालतें, आणि अंबडची ती रडणारी मुलगी आतां स्वतः शिकविते.

असा विचार ज्यांच्या मनांत असेल त्या भगिनींस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नोकरी असतांनाच निदान वर्षभर काम चालवून पाहावें. एका वर्षाच्या खर्चाची रक्कम हातीं असल्याशिवाय राजीनामा देऊं नये. आपली मजुरी, वीज आणि यंत्राची झीज खर्चांत धरावी. तीं न धरल्यास तोट्याचा धंदाही फायद्याचा दिसतो. आणि वाया गेलेल्या मालाची नोंद लपवूं नये, कारण सर्वांत अधिक शिक्षण त्याच रकान्यांत असतें.

घरांतील वडिलांसही एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आम्ही अपराधी या नात्यानें सांगतों. मूल किंवा सून असा प्रश्न घेऊन आली तर लगेच होय म्हणूं नये आणि लगेच नाहींही म्हणूं नये. प्रथम वही मागावी. वही नसेल तर ती घालून द्यावी आणि वर्षभर थांबावयास सांगावें. वही असेल तर ती शेवटच्या रकान्यापर्यंत वाचावी, आणि मग मत द्यावें.

आमच्या ओसरीवर पूर्वीं आम्ही संस्कृतची शिकवणी करीत असूं. तेथला काळा फळा बरींच वर्षें भिंतीकडे तोंड करून पडला होता. आतां तो पुन्हां उभा आहे. सकाळीं सहा वाजतां त्यावर सून त्या दिवसाचें साहित्य व मापें लिहिते, आणि ऱ्हस्वदीर्घ चुकल्यास तें सुधारण्याचें काम आमच्याकडे आहे.